हँक विल्यम्सचा वारस कोण?

१ जानेवारी १९५३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कँटन नावाचं गाव. नववर्षाचा कार्यक्रम, हॉल गच्च भरलेला. निवेदक स्टेजवर आला आणि म्हणाला, हँक विल्यम्स आज गाणार नाही, कारण तो येताना वाटेत वारला.

लोक हसले!

हसणारच ना. दारू पिऊन कार्यक्रमाला दांडी मारायची ह्या माणसाची ख्यातीच होती. लोकांना वाटलं, ही नवीन थाप. मग पडद्याआडून इतर कलाकारांनी त्याचंच एक भजनासारखं गाणं सुरू केलं, रिकाम्या स्टेजवर लाईटचा एक झोत सोडला, तेव्हा कुठे हॉलमध्ये शांतता पसरली.

त्याचं वय होतं २९. पूर्ण तिशीसुद्धा नाही.

आता माझ्या वाचकांपैकी निम्म्या लोकांचा प्रश्न असणार, की कोण हा हँक? बरोबर आहे. आपलं कंट्री संगीत म्हणजे कॉलेजच्या ट्रिपमध्ये बसच्या मागच्या सीटवर गिटार घेऊन बसलेला एक मित्र आणि जॉन डेन्व्हरचं ते वेस्ट व्हर्जिनियाचं गाणं. तिथे सुरुवात आणि तिथेच शेवट. गंमत म्हणजे हँक विल्यम्सच्या मृत्यूची नोंद झाली ती ह्याच वेस्ट व्हर्जिनियात, ओक हिल नावाच्या लहानशा गावात. विमान हवामानामुळे रद्द, म्हणून तो कॅडिलॅक गाडीच्या मागच्या सीटवर पांघरूण घेऊन झोपला होता. गाडी चालवायला कॉलेजात शिकणारा एक पोरगा. वाटेत केव्हातरी त्या पोराच्या लक्षात आलं, की साहेबांचा हात गार पडलाय.

त्या वेळी त्याचं जे गाणं चार्टवर वर चढत होतं, त्याचं नाव होतं 'आय'ल नेव्हर गेट आउट ऑफ धिस वर्ल्ड अलाइव्ह'. ह्या जगातून मी काही जिवंत सुटत नाही! सिनेमात कोणी असं दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

असो. मला आज त्याच्या मरणाबद्दल फारसं लिहायचं नाहीये. ते सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मला लिहायचंय ते नंतरच्या सत्तर-बहात्तर वर्षांबद्दल. माणूस गेला की त्याचा 'वारसा' जपणारे कुठून कुठून गोळा होतात, आणि ज्यांचा खरा हक्क असतो ते कुठे उभे असतात, हे बघायला ही केस फार छान आहे. (केस हा शब्द मुद्दाम वापरलाय. पुढे कोर्टं येणारेत.)

पण आधी दोन परिच्छेद पार्श्वभूमी. हँकचा जन्म १७ सप्टेंबर १९२३चा, अलाबामा राज्यातल्या माउंट ऑलिव्हचा. वडील पहिल्या महायुद्धात लढलेले आणि हँक सात-आठ वर्षांचा असताना सैनिकांच्या इस्पितळात गेले ते वर्षानुवर्षं तिथेच. घर चालवलं आईने, लिलीने. ती खानावळवजा बोर्डिंग चालवायची, बाई भलतीच खमकी. पोराच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता आणि त्याचं निदान वेळेवर झालंच नाही. कष्टाची कामं जमायची नाहीत. मग रस्त्यावर शेंगदाणे विक, बूटपॉलिश कर, आणि गिटार वाजव. पाठदुखी आयुष्यभर राहिली. दारू आणि पुढे मॉर्फिन ह्यांची सुरुवात तिथपासून शोधावी लागते, नुसतं 'कलाकार होता, वाया गेला' म्हणून भागत नाही. शेवटच्या वर्षी तर त्याच्यावर जो 'डॉक्टर' उपचार करत होता, त्याची पदवी विकत घेतलेली निघाली!

पहिलं रेकॉर्डिंग डिसेंबर १९४६. शेवटचं सप्टेंबर १९५२. म्हणजे सहा वर्षंसुद्धा नाहीत. माझा एक प्रोजेक्ट ह्यापेक्षा जास्त वर्षं चाललाय, आणि अजून त्याचं व्हर्जन दोन आलेलं नाही :) ह्या सहा वर्षांत ह्या माणसाने अमेरिकेतल्या कंट्री गाण्याची भाषाच बदलून टाकली. अवघड शब्द नाहीत, अलंकार नाहीत, तीन कॉर्ड्स. शेजारचा माणूस रात्री जिन्यात बसून आपलं दुःख सांगतोय अशी गाणी. १९५१मध्ये त्याचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' टोनी बेनेट नावाच्या न्यूयॉर्कच्या गायकाने ऑर्केस्ट्रा घेऊन गायलं आणि ते पॉपच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. 'खेडवळ' म्हणून हिणवलेल्या गाण्याला शहराने दार उघडलं ते असं.

आता वारसाकडे वळू.

पहिला दावेदार: संस्था

कंट्री संगीताचं पंढरपूर म्हणजे नॅशव्हिल, आणि तिथलं मंदिर म्हणजे 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा साप्ताहिक कार्यक्रम. १९२५पासून चालू आहे, आजही चालू आहे. ११ जून १९४९ला हँक तिथे पहिल्यांदा उभा राहिला आणि 'लव्हसिक ब्लूज' गायला. सहा वेळा वन्स मोअर घ्यावा लागला असं सांगतात. (हे गाणं त्याचं स्वतःचं नव्हे बरं का, १९२२चं जुनं गाणं होतं. गीतकार म्हणून देवत्वाला पोचलेल्या माणसाला दार उघडून दिलं ते दुसऱ्याच्या गाण्याने!)

आणि ऑगस्ट १९५२मध्ये ह्याच ऑप्रीने त्याला काढून टाकलं. कारण उघड होतं. यायचं कबूल करून यायचा नाही, आला तर शुद्धीत नसायचा. खरं सांगायचं तर मी त्या जागी मॅनेजर असतो तर मीही वेगळं काही केलं नसतं. पण पुढची गोष्ट बघा. पाच महिन्यांनी तो गेला. माँटगोमेरीला अंत्यविधी झाला, सभागृहात पावणेतीन हजार माणसं आणि बाहेर वीस हजारांच्या वर. ऑप्रीचे सगळे मोठे तारे तिथे हजर, शवपेटीशेजारी उभे राहून गात होते. १९६१मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम सुरू झालं, तेव्हा सन्मान झालेल्या पहिल्या तिघांत हँक होता. नंतर संग्रहालयं, पुतळे, स्मृतिदिन. २०१०मध्ये पुलित्झर पुरस्कारवाल्यांनी मरणोत्तर विशेष सन्मान दिला.

ऑप्रीचं सभासदत्व मात्र परत मिळालं नाही. नातवाने, म्हणजे हँक थर्डने, त्यासाठी मोहीमही चालवली. पण सभासदत्व हयात कलाकारांचंच असतं, हा नियम. नियम म्हणून बरोबरच आहे. फक्त त्याचा अर्थ असा होतो, की जिवंतपणी जड झालेला माणूस मेल्यावर भिंतीवरच्या फोटोसाठी एकदम सोयीचा होतो. फोटो दारू पीत नाही, उशिरा येत नाही.

दुसरा दावेदार: रक्त

हँकचा मुलगा रँडल हँक, ऊर्फ हँक विल्यम्स ज्युनिअर. वडील गेले तेव्हा साडेतीन वर्षांचा. त्याची आई ऑड्री, हँकची पहिली बायको. घटस्फोटाच्या वेळी तिला हँकच्या रॉयल्टीतला अर्धा वाटा मिळाला होता, अट एकच, तिने पुन्हा लग्न करायचं नाही. तिने केलं नाही. पोराला मात्र आठव्या वर्षी स्टेजवर उभं केलं. अकराव्या वर्षी तो ऑप्रीवर होता. कपडे बापासारखे, गाणी बापाची. १९६४मध्ये हँकवर सिनेमा निघाला, तर पडद्यावर ओठ नटाचे आणि आवाज ह्या पंधरा वर्षांच्या मुलाचा.

जरा विचार करा. आपल्याकडेही मोठ्या गवयाच्या मुलाकडे लोक कसे बघतात ते आपण पाहिलंय. 'बापाची सर नाही' हे वाक्य तर तयारच असतं. इथे तर सर असायची गरजच नव्हती, हुबेहूब कॉपी हवी होती. चोविशी-पंचविशीत ह्या मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला. मग नॅशव्हिल सोडून अलाबामात गेला, बापाची गाणी बाजूला ठेवली आणि स्वतःचा रांगडा, रॉककडे झुकणारा आवाज शोधला. १९७५मध्ये डोंगरावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्यानंतर खऱ्या अर्थाने मोठा स्टार झाला. १९८९मध्ये बापाचं एक जुनं कच्चं रेकॉर्डिंग सापडलं, त्यावर आपला आवाज चढवून त्याने 'देअर्स अ टिअर इन माय बिअर' हे गाणं काढलं. वय चाळीस. शेजारी गाणारा बाप अजूनही विशीतलाच. ह्या द्वंद्वगीताला ग्रॅमी मिळालं. पण मला वाटतं, ते गाणं त्याला तेव्हाच गाता आलं कारण मधल्या काळात तो बापासारखं गाणं सोडून आला होता.

तिसरी दावेदार: जिला माहीतच नव्हतं

आता ह्या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग.

ऑक्टोबर १९५२मध्ये हँकने बॉबी जेट नावाच्या स्त्रीबरोबर एक करार केला. तिला त्याच्यापासून मूल होणार होतं. मुलाचा सांभाळ हँकची आई करेल, खर्च हँक देईल, वगैरे कलमं. आणि करारानंतर चारच दिवसांनी त्याने न्यू ऑर्लिन्सला बिली जीनशी लग्न केलं. तेही तिकीट लावून, हजारो लोकांसमोर! (ह्या माणसाचं आयुष्य सांगताना 'कसं काय' हा शब्द फार वेळा येतो.)

हँक गेला १ जानेवारीला. मुलगी जन्मली ६ जानेवारीला.

आजी लिलीने तिला दत्तक घेतलं, पण १९५५मध्ये लिलीही वारली. विल्यम्स कुटुंबातलं दुसरं कोणी पुढे आलं नाही. मुलगी सरकारी व्यवस्थेत गेली आणि तिथून दुसऱ्या एका कुटुंबात दत्तक. तिकडे १९६७-६८मध्ये अलाबामाच्या कोर्टात वारसाचा प्रश्न निघाला आणि हँक ज्युनिअर हा एकटा वारस ठरला. ज्या पोरीचा हक्क गेला ती तेव्हा शाळेत होती. आपल्याबद्दल कुठे खटला चाललाय ह्याचा तिला पत्ताच नव्हता.

एकविशीत तिला कुजबुज कळली, की तुझा बाप कदाचित हँक विल्यम्स असेल. मग कागद शोधणं आलं. तो १९५२चा करार सापडला. खटले सुरू झाले. एका कोर्टाने सांगितलं, बाई, तुम्ही फार उशीर केलात. पण १९८९मध्ये अलाबामाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की हिच्यापासून सत्य लपवून हिची फसवणूक झालेली आहे. मग आधी 'उशीर केलात' म्हणणाऱ्या फेडरल कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला. १९९०मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. ती आज जेट विल्यम्स म्हणून ओळखली जाते, आणि तीही गाते.

ह्यात कायद्याचा एक नट-बोल्ट समजून घेण्यासारखा आहे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात गाण्याचा कॉपीराईट २८ वर्षांचा, मग नूतनीकरण करून आणखी २८. गीतकार मधल्या काळात वारला असेल, तर नूतनीकरणाचा हक्क त्याच्या विधवेचा आणि मुलांचा. कोणी आधी काय विकलं, कोणाला काय लिहून दिलं, ते सगळं त्या टप्प्यावर पुन्हा उघडं पडायचं. हँकची गाणी १९७०च्या दशकात त्या टप्प्याला आली आणि म्हणूनच तेव्हा सगळे कोर्टात दिसतात. १९७५मध्ये बिली जीननेही 'कायदेशीर विधवा मीच' हे कोर्टाकडून मान्य करून घेतलं.

आणि भांडणाचा शेवट? ज्युनिअर आणि जेट पुढे एकाच बाजूने लढले. १९५१मध्ये हँकने 'मदर्स बेस्ट' नावाच्या पिठाच्या कंपनीसाठी रेडिओवर पंधरा-पंधरा मिनिटांचे कार्यक्रम केले होते. तो दौऱ्यावर असताना वाजवता यावेत म्हणून ते तबकड्यांवर भरून ठेवले होते. रेडिओ स्टेशनने पुढे त्या तबकड्या कचऱ्यात काढल्या! ऑप्रीच्या फोटोग्राफरने त्या उचलून ठेवल्या म्हणून वाचल्या. ह्या रेकॉर्डिंगवर हक्क कुणाचा, म्हणून रेकॉर्ड कंपनीशी खटला झाला आणि २००६मध्ये टेनेसीच्या अपील कोर्टाने तो ह्या दोन भावंडांच्या बाजूने दिला. २००८पासून ती गाणी लोकांसमोर आली. त्यांत हँक हसतो, पिठाची जाहिरात करतो, बरोबरच्या वादकांची टिंगल करतो. दंतकथेतला शोकनायक नाही, सकाळी कामावर आलेला माणूस.

ज्याने दावाच केला नाही

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याच्याबद्दल.

अलाबामात जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिल ह्या गावांत रूफस पेन नावाचा एक कृष्णवर्णीय रस्त्यावरचा गायक होता. लोक त्याला 'टी-टॉट' म्हणायचे. दारू न पिणाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचीच ही गमतीदार मोडतोड. हा माणूस दारू मिसळलेला चहा जवळ बाळगायचा म्हणे! आठ-दहा वर्षांचा हँक त्याच्या मागे मागे फिरायचा. पंधरा सेंट, नाहीतर लिलीच्या घरचं जेवण, ही शिकवणीची फी. ब्लूजची लय, गिटारवर पक्का ताल धरून गाणं पुढे नेणं, आणि रस्त्यावरच्या घाईतल्या माणसाला थांबवणं, हे हँकला मिळालं ते तिथून. ही अभ्यासकांनी नंतर लावलेली थिअरी नाही. १९५२मध्ये राल्फ ग्लीसन ह्या पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीत हँकने स्वतः सांगितलं, की संगीताचं जे काही शिक्षण मला मिळालं ते सगळं ह्या माणसाकडून. वंशभेद कायद्यात लिहिलेला होता त्या काळात, त्या प्रांतातला गोरा स्टार हे सांगतोय. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. हँकच्या परीने हे तेच होतं.

रूफस पेन १९३९मध्ये माँटगोमेरीत वारला. गरिबीतच. लिंकन स्मशानभूमीत पुरलं, पण नेमकं कुठे ते आज कुणालाच सांगता येत नाही, कारण वर दगडच नव्हता. त्याच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. एक मिनिट नाही. हँकच्या अंत्यविधीला कृष्णवर्णीय गायकांचा एक चमू गायला, आणि त्याच सभागृहात कृष्णवर्णीय श्रोत्यांना वरच्या गॅलरीत वेगळं बसवलं होतं. हे चित्र म्हणजे सगळ्या कंट्री संगीताचा इतिहास आहे. आवाज हवा, माणूस गॅलरीत.

ऑप्रीचंच बघा. 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव १९२७च्या ज्या रात्री पडलं, त्या रात्री नाव पडल्यावर पहिला वाजवला तो डीफोर्ड बेली, माउथऑर्गन वाजवणारा कृष्णवर्णीय कलावंत. १९४१मध्ये त्यालाही काढलं. हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २००५मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

आम्ही कोड लिहिणारे लोक एक गोष्ट रोज करतो. कुठल्याही ओळीवर जाऊन विचारतो, की ही ओळ कोणी लिहिली? 'गिट ब्लेम' म्हणतात त्याला. नाव येतं, तारीख येते. पण ज्याने शेजारी खुर्ची ओढून बसून ती ओळ कशी लिहायची हे शिकवलं, त्याचं नाव तिथे येत नाही. त्याची सोयच नाही. टी-टॉटचं तेच झालं. कॉपीराईटच्या कायद्यात गाण्याला मालक असतो, शिकवण्याला नसतो.

आणि एक उलट उदाहरण द्यायलाच हवं. फ्रेड रोझ. नॅशव्हिलच्या 'अकफ-रोझ' ह्या प्रकाशन कंपनीचा एक मालक, स्वतः मुरलेला गीतकार. हँकची कच्ची गाणी हा घासूनपुसून द्यायचा. काही गाण्यांवर त्याचं नाव सहगीतकार म्हणून आहे, पण बऱ्याच ठिकाणी हात फिरवूनही त्याने नाव घातलं नाही. फरक असा, की रोझचा हात कागदावर नसला तरी त्याची कंपनी कागदावर होती. १९६१मध्ये हॉल ऑफ फेममधल्या त्या पहिल्या तिघांत तोही होता. नाव न लावणं ही मालकाला परवडणारी गोष्ट आहे. पेनला निवडच नव्हती.

मग वारस कोण?

२०११मध्ये हँकच्या वह्यांमधल्या, चाल न लावलेल्या गीतांना चाली लावून एक अल्बम निघाला. बॉब डिलन, मर्ल हॅगर्ड, नात हॉली विल्यम्स, आणि आपल्या पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स, असे बरेच जण त्यात आहेत. छान आहे. पण मला विचाराल तर हँकचा सगळ्यात मोठा सन्मान त्याच्या फार आधी, १९६२मध्ये झाला.

त्या वर्षी रे चार्ल्सने कंट्री गाण्यांचा एक अल्बम काढला. रे चार्ल्स म्हणजे दक्षिणेतल्याच जॉर्जियात जन्मलेला, लहानपणी दृष्टी गेलेला, रेडिओवर ऑप्री ऐकत मोठा झालेला कृष्णवर्णीय गायक. त्या अल्बममध्ये त्याने हँकची दोन गाणी घेतली, 'यू विन अगेन' आणि 'हे, गुड लुकिन''. त्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात 'युअर चीटिन' हार्ट'. अल्बम तुफान चालला. एका रस्त्यावरच्या कृष्णवर्णीय गायकाने पंधरा सेंट घेऊन एका गोऱ्या पोराला जे दिलं, ते तीस वर्षांनी दुसऱ्या कृष्णवर्णीय गायकाच्या गळ्यातून परत आलं. मधे कुठेही कोर्ट नाही, करार नाही.

लिंकन स्मशानभूमीत आज रूफस पेनच्या नावाचा दगड आहे. त्याच्या खर्चात हँक ज्युनिअरचा हात होता. ज्या मुलाला बापाची गाणी गायला जुंपलं, त्यानेच बापाच्या गुरूच्या नावाचा दगड बसवायला पैसे दिले. नेमकी जागा माहीत नाही, म्हणून अंदाजाने बसवलाय. मला तो दगड पुलित्झरपेक्षा मोठा वाटतो.

तर, ह्या वीकेंडला वेळ असेल तर एवढं करा. आधी हँकच्या आवाजात 'यू विन अगेन' ऐका. मग लगेच रे चार्ल्सचं ऐका. मग 'मदर्स बेस्ट'मधला कुठलाही एक कार्यक्रम. साधारण पंचवीस मिनिटं लागतील. तिसरं गाणं टी-टॉटचं सांगितलं असतं, पण ते नाहीये.